वाचक विचारतात : पडदा, रंगमंच आणि रस्ता

गेल्या अंकात आम्ही विचारलं होतं, समलिंगी आणि पारलिंगी (ट्रान्सजेंडर) मंडळींच्या विषयावर तुमच्या गावात काही कार्यक्रम होतो का, करायचा विचार आहे का. ‘कशाला करायचा’ असं विचारणारी पत्रं बोटांवर मोजण्याइतकी निघाली. बाकी सगळी ‘कसा करायचा’ अशी. म्हणून उत्तरंही कामापुरतीच देतो आहोत. विनंतीप्रमाणे कुणाचंही नाव छापलेलं नाही.

कॉलेजच्या फिल्म क्लबतर्फे प्राध्यापक सिरस यांच्यावरचा ‘अलीगढ’ दाखवायचा आहे. मित्राकडे ओटीटीचं सबस्क्रिप्शन आहे. लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला की झालं ना?
— विद्यार्थी, सांगली

नाही झालं. ओटीटीचे पैसे घरात बघण्याचे असतात, सभागृहात दाखवण्याचा हक्क त्यात येत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये शिक्षणसंस्थांना एक सवलत आहे. संस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून सिनेमा दाखवता येतो, पण प्रेक्षक फक्त विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं एवढेच हवेत. पोस्टरवर ‘सर्वांना मुक्त प्रवेश’ लिहिलंत की ती सवलत संपली. शिवाय ओटीटी कंपनीच्या अटी या कायद्याहून वेगळ्या, त्या मोडल्याच जातात. म्हणून निर्मात्याला किंवा वितरकाला ईमेल करा. तारीख, वेळ, आसनसंख्या, तिकीट नाही, खेळ एकच, हे पाचही मुद्दे पहिल्याच ईमेलमध्ये घाला. एकेक मुद्दा मागाहून कळवत बसलात तर महिना तिथेच जातो.

परवानगीसोबत सिनेमाची फाइलच मागून घ्या. ओटीटी प्रोजेक्टरवर लावताना नेहमी होणारा घोळ म्हणजे आवाज येतो आणि चित्र काळं राहतं. हे बिघाडामुळे होत नाही. जुना प्रोजेक्टर किंवा मधे लावलेला स्वस्तातला स्प्लिटर कॉपी-संरक्षणाचा सिग्नल ओळखत नाही, म्हणून ॲप चित्र अडवतं. फाइल हाती असली तरी आदल्या दिवशी त्याच हॉलमध्ये, त्याच वायरवर, दहा मिनिटं चालवून बघा.

सेन्सॉर प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय तारीख ठरवू नका. ‘ए’ असेल तर 18 वर्षांखालच्यांना आत घेता येत नाही आणि तुमच्या आवारात अकरावी-बारावीचे वर्ग असतील तर ती मुलं नेमकी त्याच वयाची. दाराशी ओळखपत्र बघणारा माणूस ठेवा.

सिनेमानंतरच्या चर्चेबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण फसतं तिथेच. रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचे. फेब्रुवारी 2010 मध्ये त्यांच्या घरात घुसून, ते एका पुरुषासोबत असताना, चित्रण केलं गेलं आणि निलंबन त्यांचंच झालं. 1 एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली आणि त्याच आठवड्यात, 7 एप्रिलला, ते घरात मृतावस्थेत सापडले. चर्चा दर वेळी या शेवटावर अडकते. ते कवी होते आणि त्यांच्या ‘पायाखालची हिरवळ’ या संग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार होता. संग्रह मिळवा आणि चर्चेआधी त्यातल्या दोन-तीन कविता मोठ्याने वाचा. मराठी मुलांसमोर मराठीचा मास्तर आधी कवी म्हणून उभा राहू दे.

प्रश्न चिठ्ठ्यांवर घ्या, आणि चिठ्ठी सगळ्यांनी टाकायची, कोरी असली तरी. म्हणजे कोण लिहितंय याकडे कुणाचं लक्ष जात नाही. ‘तुमच्यापैकी कुणी तसं आहे का’ हा प्रश्न मंचावरून आला तर क्लबने त्याच क्षणी माइक काढून घ्यावा.

एका कार्यक्रमाचं निवेदन करते आहे. पाहुण्यांमध्ये एक पारलिंगी स्त्री आहे आणि एक जण स्वतःला ना पुरुष म्हणवत ना स्त्री. इंग्रजीत सोपं आहे म्हणतात. मराठीत तर क्रियापदसुद्धा ‘आला की आली’ विचारतं. काय करू?
— निवेदिका, नाशिक

आधी दोघांना फोन करून विचारा : ‘तुमची ओळख करून देताना आल्या म्हणू, आले म्हणू, की दोन्ही टाळू?’ एवढं एक वाक्य पुरतं. ‘तुमचं जेंडर काय’ असं विचारू नका, ती चौकशी वाटते.

पारलिंगी स्त्रीने ‘आल्या’ सांगितलं तर ‘त्या आल्या’ असंच म्हणा, आणि सगळीकडे म्हणा. सावधगिरी म्हणून तिच्यासाठीही लिंग टाळणारी वाक्यं रचणारे निवेदक आम्ही पाहिलेत. इतक्या वर्षांनी मिळवलेला ‘त्या’ मंचावर गिळून टाकायचा, हा वेगळ्या प्रकारचा अपमान झाला.

ज्यांना दोन्ही नको आहे त्यांच्यासाठी मात्र व्याकरणाशी थोडं खेळावं लागतं, आणि मराठीत त्याला जागा भरपूर आहे. ‘आलं, गेलं’ हे नपुंसकलिंग मोठ्या माणसाला लावू नका. ते लेकराला आणि वासराला शोभतं, समोरच्याने स्वतःहून मागितलं तरच वापरायचं. आदरार्थी अनेकवचन पकडा. त्यातही ‘आले–आल्या’, ‘होते–होत्या’, ‘म्हणाले–म्हणाल्या’ इथे भाषा बाजू घ्यायला लावते. पण कर्त्याला ‘नी’ लागला की क्रियापद कर्त्याकडे बघतच नाही, कर्माकडे बघतं. ‘यांनी नाटक लिहिलं, यांनी कविता लिहिली’ या वाक्यांत लिहिणारं कोण, याचा पत्ता लागत नाही. वर्तमानकाळात ‘लिहितात, शिकवतात, राहतात’ सगळ्यांना सारखंच. भविष्यात ‘येतील, बोलतील’, आणि ‘येणार आहेत’सुद्धा. समोरासमोर ‘तुम्ही आलात, तुम्ही म्हणालात’ कुणालाही चालतं.

उदाहरणच घ्या. हातातल्या टिपणात असं असेल : ‘त्या लातूरहून आल्या आहेत. त्या दहा वर्षं शिक्षिका होत्या, मग नाटकाकडे वळल्या.’ तेच असं होतं : ‘यांनी दहा वर्षं शाळेत शिकवलं, पुढे नाटक जवळ केलं आणि आज खास लातूरहून येऊन आपल्यासाठी वेळ काढला आहे.’ ऐकणाऱ्याला कुठे खटकत नाही. ‘जन्मले’ऐवजी ‘त्यांचा जन्म झाला’, ‘शिकले’ऐवजी ‘त्यांनी शिक्षण घेतलं’, ‘म्हणाले’ऐवजी ‘त्यांनी सांगितलं’. टिपण लिहून झालं की फक्त क्रियापदांखाली रेघा मारा आणि ‘ले–ल्या’ आणि ‘होते–होत्या’ वर संपणारी बदला. ‘त्या’, ‘शिक्षिका’ असे बाजू सांगणारे शब्द काढले की बाकी वाक्याला हात लावायची गरज पडत नाही.

विशेषणांत ‘प्रसिद्ध, लोकप्रिय, ज्येष्ठ’ निर्धोक आहेत. नावाआधी श्री., सौ., श्रीमती काही नको. ‘कवी’ म्हणायचं की ‘कवयित्री’ हे त्यांनाच विचारा. ऐनवेळी चूक झालीच तर ‘क्षमस्व, त्यांनी’ एवढं म्हणून पुढे जा. मिनिटभर माफी मागत राहिलात तर सभागृह पाहुण्याकडेच टक लावून बघायला लागतं.

आणि कुणाच्या तोंडचं क्रियापद ऐकून अंदाज बांधू नका. कोल्हापूरकडच्या बायका ‘मी येतो’ म्हणतच मोठ्या झाल्या आहेत.

बातमीत ‘समलैंगिक’ लिहायचं की ‘समलिंगी’? ‘तृतीयपंथी’ सगळ्यांना चालतं का?
— वार्ताहर, अकोला

माणसाबद्दल लिहिताना ‘समलिंगी’, संबंधांबद्दल ‘समलैंगिक’, हा वापर बराच रुळला आहे आणि बरा आहे. ‘तृतीयपंथी’ सगळ्यांना चालत नाही. त्या शब्दात पंथ आहे, गुरू-चेल्याची परंपरा आहे. मुलगी म्हणून वाढलेला आणि आज पुरुष म्हणून बँकेत नोकरी करणारा माणूस तृतीयपंथी कसा? त्याला ‘पारलिंगी पुरुष’ म्हणा. ‘हिजडा’ हा शब्द कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनी आत्मचरित्राच्या नावातच अभिमानाने घेतला, पण स्वतःबद्दल बोलणं वेगळं आणि बातमीदाराने मथळ्यात वापरणं वेगळं. उद्धृतात आला तरच ठेवा. ‘लैंगिक आवड’ लिहू नका, ‘लैंगिक कल’ लिहा. आवड पुरणपोळीची असते.

आमची हौशी नाट्यसंस्था आहे. या विषयावरचं जुनं मराठी नाटक करावं म्हणतो. परवानग्या कोणत्या?
— कार्यवाह, रत्नागिरी

परवानग्या दोन आणि त्या एकमेकींना पर्याय नाहीत. एक लेखकाची. लेखक हयात नसेल तर वारसांची, कारण लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो. दुसरी, महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. जुन्या नाटकाला ते पूर्वी मिळालेलं असतं, म्हणून आधी त्या क्रमांकाचा शोध घ्या. नाट्यगृहाचं बुकिंग करताना क्रमांक मागतात. घोटाळा होतो तो संहितेत बदल केल्यावर. प्रमाणित संहितेत तुम्ही आजचे संवाद घातलेत तर जुनं प्रमाणपत्र त्या संवादांना लागू नाही.

निवडीबद्दल आमचं मत. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ 1981 मध्ये रंगमंचावर आलं, रोहिणी हट्टंगडी सुमित्राच्या भूमिकेत होत्या. मुलीवर प्रेम करणारी मुलगी मध्यवर्ती ठेवणारं नाटक त्या काळात आलं याचं मोल आहेच. पण तिच्या आत्महत्येचा शेवट आज तसाच सादर केला तर प्रेक्षकातली एखादी विशीतली मुलगी घरी काय घेऊन जाईल, याचा विचार तालमीतच करा. आणि करणार असाल तर नंतर चर्चा ठेवा. कमी साधनांत करायचं तर चेतन दातार यांचं ‘एक माधव बाग’ बघा. आईचं स्वगत आहे. मोना आंबेगावकर यांनी त्याची वाचनं ठिकठिकाणी केली आहेत. एक नटी, एक खुर्ची, वाचायला पुरेसा उजेड, एवढ्यात होतं. अभिवाचनासाठीही लेखकाच्या वारसांची परवानगी लागते, ‘नुसतं वाचतोय’ ही सबब नाही.

आमच्या शहरात पहिला मोर्चा काढायचा आहे. दीडशे माणसं येतील. सुरुवात कुठून करावी? आणि काही जणांना फोटोत दिसायचं नाही.
— कार्यकर्ते, लातूर

दीडशे म्हणजे पुष्कळ. कोलकात्यात 2 जुलै 1999 ला निघालेला देशातला पहिला प्राइड (समलिंगी-पारलिंगी अभिमान) मोर्चा पंधरा-एक जणांचा होता. मुंबईत 16 ऑगस्ट 2008 ला ऑगस्ट क्रांती मैदानातून गिरगाव चौपाटीपर्यंत मोर्चा गेला, पुण्यात समपथिक ट्रस्टच्या पुढाकाराने 2011 मध्ये. तुमचं पहिलं पाऊल पोलीस ठाण्यात पडू दे.

अर्ज तीन आठवडे आधी द्या आणि पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. अर्जात तारीख, जमण्याची आणि संपण्याची वेळ, वळणावळणाचा मार्ग, अंदाजे संख्या, ध्वनिक्षेपक आहे का, आणि फोन उचलणाऱ्या तीन आयोजकांची नावं हवीत. वाहतूक शाखेला वेगळी प्रत द्या. शेवटी मैदान किंवा बाग वापरणार असाल तर महापालिकेचं पत्र वेगळं लागतं. ज्यांना घरी कळायला नको आहे त्यांची नावं या अर्जावर घालू नका, तो कागद बऱ्याच टेबलांवरून फिरतो.

त्या आठवड्यात जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 37 लागू आहे का, हे विचारा. सण, निवडणूक, आंदोलन असलं की पंधरा-पंधरा दिवसांचे आदेश निघतात. त्यात विनापरवाना जमाव आणि मिरवणूक येते, आणि लाठ्या-काठ्याही येतात. झेंड्याचे बांबू तिथेच अडकतात. अर्ध्या इंचाचा पोकळ पीव्हीसी पाइप वापरा, त्यावर सहसा कुणी हरकत घेत नाही.

मार्ग दीड किलोमीटरच्या वर नको. ढोल असला की जमाव तासाला दोन किलोमीटरही चालत नाही, म्हणजे निदान पाऊण तास धरा. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र जाहीर झालेलं असू शकतं, तिथे ढोल आणि माइक दोन्ही बंद. मार्गावर आदल्या दिवशी चालत जाऊन त्या जागा टिपून ठेवा. घोषणा देणाऱ्याच्या लक्षात राहत नाही, त्याच्या शेजारी चालणाऱ्याला सांगून ठेवा. दर वीस माणसांमागे एक स्वयंसेवक, आणि त्यातले दोन सर्वात मागे. मोर्चा तुटतो तो सिग्नलवर, आणि मागे राहिलेल्या आठ-दहा जणांना गाठूनच टवाळी होते.

आणि एका जागी थांबून करता येईल असा बेत तयार ठेवाच. 2020 मध्ये मुंबईत ऑगस्ट क्रांती मैदानातून निघणाऱ्या मोर्चाला ऐनवेळी परवानगी नाकारली गेली आणि आझाद मैदानावर एका जागी जमावं लागलं. मुंबईकरांना मैदानाची सवय होती म्हणून निभावलं.

फोटोंचं म्हणाल तर, ‘कृपया फोटो काढू नयेत’ या घोषणेचा उपयोग शून्य. आपल्याकडच्या सुरुवातीच्या मोर्चांत बरेच जण मुखवटे लावून चालायचे आणि ती युक्ती आजही चांगली आहे. त्याच्या जोडीला जमण्याच्या जागीच दोन रंगांच्या मनगटपट्ट्या द्या : फोटो चालेल त्यांना पांढरी, नको त्यांना गडद केशरी. घाईतही केशरी दिसतो. पुढची चाळीस-पन्नास माणसं पांढऱ्या पट्टीची ठेवा आणि पत्रकारांना त्यांच्यापुढेच उभं करा. त्यांना समोरून भरगच्च फ्रेम मिळाली की ते मागे येत नाहीत. खरा धोका आपल्याच माणसांच्या रील्सचा असतो. सेल्फीत मागे कोण आलंय हे टाकणारा बघत नाही. म्हणून केशरी पट्टीवाल्यांचा गट मधोमध, आणि त्या गटात मोबाइल खिशात, असा नियम निघण्यापूर्वीच सांगा.

आमच्या बचत गटाला इंद्रधनुषी झेंडे शिवायचं काम आलं आहे. माप काय घ्यावं?
— बचत गट, सातारा

सहा पट्टे, वरून खाली : लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. सात नाहीत. शाळेतलं ‘तानापिहिनिपाजा’ डोक्यात असल्यामुळे पारवा घालून सात पट्टे शिवलेले झेंडे परत आलेले आहेत. गिल्बर्ट बेकर यांनी 1978 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत केलेल्या मूळ झेंड्यात तर आठ होते. भडक गुलाबी कापड पुरेसं मिळेना म्हणून एक गळला, पुढे आणखी एक कमी करून सम संख्या केली.

तयार झेंडा 90 बाय 150 सेंटिमीटर धरा. प्रत्येक पट्टा तयार 15 सेंटिमीटर. मधले चार पट्टे 17 कापा, दोन्हीकडे एकेक सेंटिमीटर शिवणीत जातं. लाल आणि जांभळा 18, कारण त्यांच्या बाहेरच्या कडेला दुहेरी दुमड येते. लांबी 158 : काठीच्या बाजूला खोळीसाठी 6, सुट्या टोकाला दुमडीसाठी 2. छत्तीस इंची पन्ह्याच्या पॉपलिनमधून एका लांबीत चार पट्टे आरामात निघतात, बेतून कापलं तर पाच. म्हणजे प्रत्येक रंगाचं पावणेदोन मीटर घेतलं की चार झेंडे झाले.

सॅटिन मागतील, देऊ नका. वाऱ्यावर कडा उसवतात आणि मशीनखाली पट्टा सरकून झेंडा तिरका होतो. लाल आणि जांभळा कापड शिवण्याआधी रंग जायचा थांबेपर्यंत धुऊन, वाळवून, इस्त्री करा, नाहीतर पहिल्याच पावसात रंग शेजारच्या पट्ट्यांवर उतरतो. शिवण पट्ट्याच्या लांबीने मारा, एक डावीकडून आणि पुढची उजवीकडून. सगळ्या शिवणी एकाच दिशेने मारल्या की कापड ओढलं जाऊन झेंडा केळीच्या पानासारखा वाकतो. आणि खोळ आधी काठीवर चढवून बघा. अर्ध्या इंचाचा पाइप बाहेरून दोन सेंटिमीटरच्या वर भरतो, त्याला सपाट पाच सेंटिमीटरची खोळ लागते. घट्ट केली तर शिवण ताणून उसवते.

पारलिंगी झेंडाही मागतील. तो पाच पट्ट्यांचा : फिकट निळा, गुलाबी, पांढरा, गुलाबी, फिकट निळा. मोनिका हेल्म्स यांनी 1999 मध्ये केलेला. शिंप्याच्या दृष्टीने फार सोयीचा, उलटा लावला तरी सुलटाच.

इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात एक पुरुष लावणी करणार आहे आणि एका प्रहसनात दुसरा साडी नेसून ‘तसल्या’ माणसाची नक्कल करणार आहे. समितीत काहींना दोन्ही नको आहेत, काहींना दोन्ही हवेत. तुमचं मत?
— समिती सदस्य, न्यू जर्सी

लावणी होऊ द्या, प्रहसन पुन्हा लिहा. साडी नेसलेला पुरुष ही आपल्या रंगभूमीला नवी गोष्ट नाही. बालगंधर्वांच्या शालूची नक्कल त्या काळच्या बायका करायच्या. पुरुष लावणी करतो तेव्हा घुंगरांचा ताल, नजर, अदा, नऊवारीचा काष्टा, यात तो कमी पडला तर प्रेक्षक त्याला लावणी म्हणूनच नापास करतात. ती कला झाली.

प्रहसनाची चाचणी तालमीत एकदा करून बघा. नटाला शर्ट-पँटमध्ये, साध्या आवाजात तेच संवाद म्हणायला लावा. हसू आलं तर विनोद संवादात आहे, ठेवा. काहीच हसू आलं नाही तर आजवर तुम्ही मनगट वळवण्यावर हसत होता. तमाशातला नाच्यासुद्धा नुसता लचकत नसे. तो शाहिराला आणि पाटलाला टोमणा मारायचा, हसू मोठ्यांवर उलटवायचा. तुमच्या पात्राला एक तरी असा संवाद द्या ज्यात अध्यक्षांची टोपी उडेल. समितीतला कोण आधी हरकत घेतो ते बघण्यासारखं असेल.

घरात 2013 सालचे ‘377 हटवा’चे फलक आहेत. परत वापरू का?
— वाचक, ठाणे

नको. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं भारतीय दंडविधानाचं ते कलम प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरतं निष्प्रभ केलं, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर त्या जागी तसं कलमच नाही. आजची मागणी लिहा. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात समलिंगी विवाहाचा हक्क मिळालेला नाही, म्हणजे वारसा, दत्तक हे सगळं बाकी आहे. जोडीदारासोबत संयुक्त बँक खातं उघडायला आणि त्याला नामनिर्देशित करायला मात्र बंदी नाही, असं अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केलं आहे. ही गोष्ट फलकावर लिहिलीत तर रस्त्याकडेला उभा असलेला एखादा जण दुसऱ्या दिवशी बँकेत जाईल.

जुन्या फलकाची मागची बाजू कोरी असते. अक्षर किमान चार इंच उंच, पांढऱ्यावर काळं, एका फलकावर सहाच्या वर शब्द नाहीत. पिवळ्यावर लाल रंगवू नका, संध्याकाळच्या उन्हात वाचता येत नाही.